आजारी टॅरंटुलाची काळजी: नव्या पाळणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला टॅरंटुला, म्हणजे पाळलेला मोठा केसाळ कोळी, वेगळा वागू लागला की नवा पाळणारा घाबरतो, आणि घाबरून जे करतो त्यातूनच पुष्कळदा खरे नुकसान होते. पुढील उत्तरे मुख्यतः जमिनीवर राहणाऱ्या, नवशिक्यांकडे सर्वाधिक दिसणाऱ्या प्रजाती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत: मेक्सिकन रेडनी, कर्ली हेअर, चिलियन रोझ. झाडावर राहणाऱ्या प्रजातींबाबत जिथे फरक पडतो, तिथे तसे सांगितले आहे.

माझा टॅरंटुला खरोखर आजारी आहे का, हे कसे ओळखावे?

हात न लावता दहा मिनिटे नुसते पाहावे. टॅरंटुला ओरडत नाही, कण्हत नाही; त्याची अवस्था त्याच्या बसण्यावरूनच वाचावी लागते. सर्वांत आधी पाहायचे ते हे, की तो पालथा आहे की उताणा. त्यानंतर पाय पाहावेत: ते बाजूंना ऐसपैस पसरलेले आहेत की शरीराखाली मुठीसारखे आवळलेले आहेत. मग पोटाकडे वळावे; ते टपोरे आहे, की सुकलेल्या मनुक्यासारखे सुरकुतले आहे, की त्यावर कुठे ओल चमकते आहे. शेवटी, शक्य असेल तर काचेच्या डब्याच्या बाजूने विजेरी धरून तोंडाजवळचा भाग पाहावा.

निरोगी टॅरंटुला दिवसचे दिवस एकाच जागी बसून राहतो, कोपऱ्यात पाठ करून बसतो, बिळाचे तोंड मातीने बंद करून महिनाभर बाहेर येत नाही. ही आजाराची लक्षणे नव्हेत. डब्याच्या भिंतीवर पांढरे, खडू कालवलेल्या पाण्यासारखे ठिपके दिसले तर ती त्याची विष्ठा आहे आणि तीही अगदी स्वाभाविक आहे. काळजीची लक्षणे मोजकीच आहेत: पालथ्या अवस्थेत पाय शरीराखाली मुडपलेले असणे, चालताना तोल जाणे किंवा झटके येणे, अंगातून द्रव झिरपणे, तोंडाजवळ पांढरा लगदा दिसणे, पोट झपाट्याने आक्रसणे आणि कात टाकताना मध्येच अडकून पडणे.

तो पाठीवर उताणा पडला आहे, पाय हवेत आहेत. मेला का?

जवळजवळ नक्कीच नाही. तो कात टाकतो आहे. मरणारा टॅरंटुला सहसा पालथाच असतो आणि पाय पोटाखाली ओढून घेतो; कात टाकणारा टॅरंटुला मात्र मुद्दाम उताणा होतो, कारण जुन्या कवचातून आठ पाय बाहेर ओढून काढायला त्याला तीच स्थिती सोयीची पडते.

हे वाक्य मी सर्वांत आधी लिहायला हवे होते असे मला वाटते, कारण माझ्या रेडनी मादीच्या बाबतीत पहिल्याच वर्षी मी तिला पालथे करायला ब्रश हातात घेतला होता. झाकण उघडले तेव्हा तिच्याखाली पांढऱ्या धाग्याची दाट चटई विणलेली दिसली, आणि ती पाहून मी थांबलो. मरायला टेकलेला प्राणी स्वतःसाठी अंथरूण घालत नाही. पुढचे तीन तास मी विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावून पाहत राहिलो. आधी पाठीवरचे कवच कडेने सुटून डबीच्या झाकणासारखे उचलले गेले, मग पोटाची जुनी त्वचा बाजूने फाटली, आणि त्यानंतर एका संथ लयीत, थोडे ओढ, थोडे थांब असे करत पाय बाहेर येऊ लागले. शेवटी बाहेर आलेल्या तिचे विषदंत सायीसारखे पांढरे होते.

या काळात झाकण उघडू नये, पाणी फवारू नये, डबा हलवू नये, आणि आत जिवंत किडा असेल तर तो कात सुरू होण्याआधीच काढलेला असावा, कारण मऊ अंगाच्या टॅरंटुलाला एखादा भुकेला नाकतोडासुद्धा कुरतडू शकतो. लहान पिल्लांची कात काही मिनिटांत ते तासाभरात संपते, तर मोठ्या कोळ्याला कित्येक तास लागतात, आणि क्वचित दिवसही उलटतो. कात टाकल्यावर विषदंत पांढऱ्याचे तांबडे आणि तांबड्याचे काळे होईपर्यंत खायला घालू नये. पिल्लांसाठी चार-पाच दिवस आणि मोठ्यांसाठी दहा दिवस ते दोन आठवडे थांबणे योग्य ठरते. पाण्याची वाटी मात्र कायम भरलेली असावी.

तो पालथा आहे, पण सगळे पाय शरीराखाली मुडपले आहेत. याचा अर्थ काय?

ही धोक्याची स्थिती आहे, पण ती स्वतः एक रोग नाही. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय दुमडणारे स्नायू असतात, परंतु सरळ करणारे नसतात. पाय सरळ करण्याचे काम शरीरातला द्रव करतो: जेसीबीचा दांडा जसा तेलाच्या दाबाने पुढे जातो, तसा टॅरंटुला रक्तद्रवाचा दाब वाढवून पाय लांब करतो. अंगातले पाणी कमी झाले, जखमेतून द्रव वाहून गेला किंवा तो दाब निर्माण करण्याइतकी शक्ती उरली नाही, की दुमडणारे स्नायू जिंकतात आणि पाय आत ओढले जातात. म्हणजे ही खूण प्रामुख्याने दाब कमी झाल्याची आहे, आणि घरगुती पाळणुकीत त्याचे सर्वांत मोठे कारण तहान हेच असते.

म्हणून पहिला उपाय पाणी. एका पसरट झाकणात किंवा मातीच्या छोट्या पणतीत साधे, खोलीच्या तापमानाचे पाणी घ्यावे. टॅरंटुलाला मऊ ब्रशने आणि झाकणाच्या पुठ्ठ्याने हलकेच उचलून असे ठेवावे, की त्याचे जबडे आणि त्यामागचे तोंड पाण्याच्या कडेला टेकेल, पण पोट कोरड्या जागी राहील. ही काळजी अत्यंत महत्त्वाची आहे, कारण टॅरंटुलाची श्वसनाची चार पुस्तक-फुप्फुसे (पुस्तकाच्या पानांसारखे पातळ थर असलेली फुप्फुसे) पोटाच्या खालच्या बाजूला असतात, आणि पोट पाण्यात बुडाले तर ज्याला वाचवायचे तोच गुदमरतो. तो हलू शकत नसेल तर ड्रॉपरने जबड्यांच्या मधोमध एक थेंब ठेवावा आणि तो शोषला गेला की दुसरा ठेवावा. थेंब शोषला जातो आहे हे जवळून पाहिल्यास दिसते. त्याची चमकदार गोलाई हळूहळू चपटी होते. तो पीत असेल तर अर्धा लढा जिंकला. त्यानंतर त्याला अंधाऱ्या, शांत, हवेशीर जागी ठेवून काही तासांनी पाहावे. निव्वळ तहानेचे प्रकरण असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाय उघडू लागतात आणि पोटावरच्या सुरकुत्या भरून येतात.

पाणी पिऊनही सुधारणा नसेल, तर कारण दुसरे आहे असे समजून जखम, विषबाधा, तोंडातील जंत आणि म्हातारपण या दिशांनी पाहावे.

ओल्या टिश्यूच्या बंद डब्यात, उबेत ठेवण्याचा ‘आयसीयू’ उपाय करावा का?

माझे स्पष्ट मत आहे की करू नये. अनेक वर्षे हा सल्ला जगभर दिला जात होता, पण भिजलेला कागद, कोंडलेली हवा आणि उष्णता एकत्र आल्यावर जीवाणू आणि बुरशी यांचेच फावते, आणि आधीच दुबळ्या झालेल्या कोळ्याला तिथून कोरड्या जागी सरकण्याची सोय उरत नाही. कोळी पाणी त्वचेतून नव्हे, तोंडाने पितो. त्यामुळे तोंडाशी पाणी आणि भोवती खेळती हवा हेच पुरेसे आणि सुरक्षित आहे. वेगळा डबा वापरायचाच असेल तर तो लहान असावा, त्याला आडवी छिद्रे असावीत, तळाला किंचित दमट कागदाची एक बाजू आणि कोरड्या कागदाची दुसरी बाजू ठेवावी.

कित्येक आठवडे तो काही खात नाही. काय करावे?

पोट भरलेले दिसत असेल तर काहीही करू नये. चिलियन रोझ महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, अन्न नाकारतो आणि ठणठणीत राहतो. रेडनी आणि कर्ली हेअर कात टाकण्याआधी कित्येक आठवडे खाणे सोडतात, आणि मोठ्यांमध्ये हा काळ काही महिन्यांचाही असतो. पोटाच्या मागच्या बाजूला केस झडून टक्कल पडलेले असेल आणि ते गुलाबी-तपकिरीऐवजी काळपट, ताणलेले दिसू लागले असेल, तर आतले नवे केस जुन्या त्वचेतून दिसत आहेत आणि कात जवळ आली आहे.

खाणे सोडल्यावर पोट आक्रसत गेले तरच ते चिंतेचे. तेव्हा आधी पाणी तपासावे, मग तोंड पाहावे, आणि मग घातलेले अन्न फार मोठे तर नव्हते ना याचा विचार करावा. न खाल्लेला किडा चोवीस तासांत बाहेर काढावा. जबरदस्तीने भरवण्याचा प्रयत्न करू नये. फार अशक्त कोळ्यासाठी मीलवर्मचे डोके चिरडून, तो रसाळ तुकडा त्याच्या जबड्यांजवळ ठेवता येतो. घ्यायचे असेल तर तो घेतो.

तो उंचावरून पडला आणि अंगातून पाण्यासारखा द्रव येतो आहे. तातडीने काय करावे?

टॅरंटुलाचे रक्त लाल नसते. त्यात लोहाऐवजी तांबे असलेले हिमोसायनिन असल्यामुळे ते जवळपास रंगहीन, किंचित निळसर दिसते, आणि म्हणूनच ‘पाणीच असेल’ असे समजून मौल्यवान वेळ जातो. जखम पायाला असेल तर धोका तुलनेने कमी असतो. बहुतेक वेळा कोळी जखमी पाय स्वतःच बुडातून सोडून देतो, तिथली जागा आपोआप मिटते आणि पुढच्या एक-दोन कातींमध्ये नवा पाय, आधी थोडा बारीक, मग पूर्ण, उगवतो.

पोट फाटले असेल तर मात्र मिनिटे मोजावी लागतात. स्वयंपाकघरातले कॉर्नफ्लोअर घ्यावे, म्हणजे सूप दाट करायला वापरतात ते पांढरे, अत्यंत बारीक पीठ. भाकरीचे पिवळे मक्याचे पीठ नव्हे. कापसाच्या काडीने ते जखमेवर हलकेच थापावे, ओले होईल तसे पुन्हा लावावे. भेग छोटी आणि कोरडी करता येण्याजोगी असेल तर झटकन चिकटणाऱ्या सायनोअक्रिलेट गोंदाचा अगदी लहान थेंब काडीच्या टोकाने लावता येतो. दोन्हींपैकी काहीही लावताना पोटाच्या खालच्या बाजूची फुप्फुसांची फट आणि मागच्या टोकाचे धागा काढणारे अवयव मोकळे राहतील याची खात्री करावी. पुढच्या कातीत गोंदाचा खपला जुन्या त्वचेसोबत निघून जातो. हळद, डेटॉलसारखे जंतुनाशक, माणसाचे मलम यांपैकी काहीही लावू नये. आपल्याकडे जखम म्हटली की हळदीकडे हात जातोच, पण कोळ्याच्या उघड्या जखमेत जाणारी पूड आणि फुप्फुसात शिरणारे रसायन यांचा त्याला उपद्रवच होतो.

मुळात पडणे टाळता येते. जमिनीवर राहणाऱ्या प्रजातीसाठी मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावे. अंतर जास्त असेल तर डबा बदलण्याऐवजी कोकोपीटचा थर वाढवावा. झाकणाला तारेची जाळी असेल तर ती काढून अॅक्रिलिकचे छिद्रे पाडलेले झाकण बसवावे, कारण जाळीत पायाची नखे अडकून कोळी लोंबकळतो.

कात अर्धवट अडकली आहे. ओढून काढू का?

ओढू नये. आधी वेळ पाहावी. मोठा टॅरंटुला बारा तास संथपणे पण सतत हलत असेल तर तो काम करतो आहे. हालचाल पूर्ण थांबली असेल, नवी त्वचा घट्ट होत चालली असेल आणि पाय अजूनही जुन्या सालीत असतील, तरच हस्तक्षेप करावा. डब्यात ओलावा वाढवावा, आणि अडकलेल्या सांध्यांवर कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने थेंब सोडत जावे, पोट टाळून. जुनी साल मऊ पडली की बारीक चिमट्याने आणि भिंगाखाली ती थोडी थोडी सोलता येते, पण हे तासन्‌तास चालणारे काम आहे आणि थरथरत्या हाताने करू नये. एकच पाय अडकला असेल तर तो तसाच सोडून देणे उत्तम. सात पायांचा टॅरंटुला व्यवस्थित जगतो.

एक गोष्ट मात्र नव्या माणसाला कोणी सांगत नाही. टॅरंटुला कात टाकतो तेव्हा विषदंतांची आवरणे आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचे आतील अस्तरही टाकतो. ते अस्तर नीट निघाले नाही, तर कोळी बाहेरून उत्तम दिसतो, भक्ष्यावर झेपही घेतो, पण ते चावून तसेच टाकून देतो आणि आठवड्यांनी कृश होतो. कात टाकल्यावर जुनी साल ओली असतानाच उलगडून पाहण्याची सवय यासाठीच लावून घ्यावी.

त्याचे पाय थरथरतात, तो वेडावाकडा चालतो, उलटा पडतो. हे काय आहे?

इंग्रजी पाळणाऱ्यांच्या जगात याला ‘डीकेएस’ (डिस्कायनेटिक सिंड्रोम, म्हणजे हालचालींतला बिघाड) म्हणतात. नावाने तो रोग वाटतो, पण ते केवळ लक्षणांच्या समूहाला दिलेले नाव आहे, आणि आपल्या घरांमध्ये त्यामागे कोणते कारण आधी शोधावे याबद्दल माझ्या मनात शंका नाही: कीटकनाशक.

आपल्या घरात रोज संध्याकाळी भिंतीतल्या सॉकेटला लावलेले डासांचे द्रव मशीन ट्रान्सफ्लुथ्रिनसारखे औषध हवेत सोडत असते. ओट्याखाली झुरळांसाठी खडूच्या रेघा मारलेल्या असतात. सोसायटीत तीन-चार महिन्यांनी पेस्ट कंट्रोल होते. घरात कुत्रा असेल तर त्याच्या मानेवर गोचिडांसाठी फिप्रोनिलचे थेंब घातलेले असतात आणि तोच हात धुतल्याशिवाय कोळ्याच्या पाणीवाटीकडे जातो. ही सगळी औषधे सहा आणि आठ पायांच्या जिवांची मज्जासंस्था बिघडवण्यासाठीच बनवलेली आहेत. झुरळ आणि टॅरंटुला यांत त्यांना फरक करता येत नाही.

माझ्या घरी हे घडले तेव्हा फवारणी आमच्या घरात नव्हतीच. खालच्या मजल्यावरची फवारणी बाथरूमच्या डक्टमधून वर आली, आणि कोळ्याचा डबा त्या भिंतीलगतच्या फडताळात होता. संध्याकाळी मादी पाणीवाटीजवळ उभी होती आणि तिचा पुढचा उजवा पाय टाइपरायटरची कळ दाबल्यासारखा एकसारखा वर-खाली होत होता. तिला मी ताबडतोब दुसऱ्या खोलीत, नव्या प्लास्टिकच्या डब्यात, कोऱ्या ओलसर कागदावर हलवले, जुने कोकोपीट, झाडाची साल, वाटी सगळे फेकले, खिडकी उघडी ठेवली आणि जबड्यांशी पाणी ठेवले. पुढचे नऊ दिवस फक्त पाणी आणि अंधार. ती वाचली, आणि त्यानंतरच्या कातीपर्यंत तो एक पाय किंचित उशिरा उचलला जात असे.

विषबाधेवर कोणताही उतारा उपलब्ध नाही. स्रोत तोडणे, स्वच्छ हवा, स्वच्छ तळ, पाणी आणि शांतता एवढेच हातात असते, आणि त्यातून काही वाचतात. म्हणून ज्या खोलीत टॅरंटुला आहे तिथे डासांसाठी मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी हेच उपाय ठेवावेत. घरातली किंवा गटारातली झुरळे पकडून खायला घालू नयेत. त्यांच्या पोटात काय गेले आहे ते आपल्याला कळत नाही. नर्सरीतून कोकोपीट घेताना त्यात खत किंवा औषध मिसळलेले नाही हे विचारून घ्यावे.

तोंडाजवळ पांढरा, चिकट लगदा दिसतो आहे. हे जंत असतील का?

असू शकतील, आणि ही या पानावरची सर्वांत वाईट शक्यता आहे. सूत्रकृमी टॅरंटुलाच्या तोंडाच्या पोकळीत वाढतात. कोळी आधी खाणे सोडतो, पाण्यावर जास्त वेळ बसतो, सुस्त होतो, आणि मग जबड्यांच्या मागे दह्यासारखा पांढरा थर दिसू लागतो. जवळून, चांगल्या उजेडात पाहिल्यास तो थर वळवळताना दिसतो; सोबत आंबूस दुर्गंधीही येते. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी पाळीव टॅरंटुलांमधून सापडलेल्या अशा एका नव्या कृमीचे वर्णन ‘टॅरंटोबेलस जेफडॅनिएल्सी’ या नावाने प्रसिद्ध केले. त्या कृमीने ग्रासलेले कोळी खाऊ शकत नाहीत आणि अखेर उपासमारीने मरतात.

खात्रीचा उपचार अद्याप नाही. संशय येताच त्या कोळ्याला इतरांपासून वेगळ्या खोलीत हलवावे, त्याची कामे सर्वांत शेवटी करावीत, त्याचे चिमटे आणि वाट्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि हातमोजे वापरावेत. खाल्लेल्या किड्याचे उरलेले चोथे आणि ओली माती यांवर घोंघावणारी बारीक, कुबडी चिलटे हे कृमी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेतात असे मानले जाते. म्हणून छिद्रांवर अतिशय बारीक जाळी लावावी. निदान पक्के करायचे असेल तर त्या लगद्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन शाळा-कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी कृमी ओळखता येतात. घाई करून निष्कर्ष काढू नये, कारण खाताना निघालेला फेस आणि अर्धवट पचलेला घास हेसुद्धा काही काळ पांढरट दिसतात.

मातीत बारीक पांढरे किडे आणि बुरशी आहे. त्यानेच आजारी पडला का?

सहसा नाही. बहुतेक माइट कुजलेल्या अन्नावर जगणारे असतात आणि ओल व घाण जास्त झाल्याचे सांगतात. उरलेले अन्न काढावे, माती बदलावी, हवा वाढवावी आणि डबा दोन आठवडे कोरडा ठेवून केवळ पाणीवाटी भरावी. मात्र ते कोळ्याच्या सांध्यांवर किंवा तोंडाजवळ थव्याने चिकटले असतील, तर ओल्या मऊ ब्रशने काढून त्याला स्वच्छ डब्यात हलवावे. मातीत मुद्दाम सोडलेले स्प्रिंगटेल (बुरशी आणि घाण खाणारे इवले किडे) मात्र उपयोगी असतात. तेही पांढरेच असतात, पण हात जवळ नेला की उडी मारतात.

पोटावर टक्कल पडले आहे. त्वचेचा रोग आहे का?

नाही. अमेरिका खंडातले बहुतेक टॅरंटुला चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस झटकतात, आणि पुढच्या कातीत ते पुन्हा येतात. टक्कल वारंवार पडत असेल तर डब्याला धक्के बसत आहेत किंवा आडोसा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खरी काळजी आपल्या डोळ्यांची घ्यावी. ब्रिटनमधील लीड्स येथे २००९ साली एका तरुणाच्या लाल, दुखऱ्या डोळ्याच्या पारदर्शक पटलात हे केस रुतलेले आढळले होते; तो आपल्या चिलियन रोझची टाकी साफ करत असताना कोळ्याने केस उडवले होते. हे प्रकरण ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आजारी कोळ्यावर आपण नेहमीपेक्षा जास्त खाली वाकतो, म्हणून तेव्हा साधा पारदर्शक चष्मा जरूर घालावा.

महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तापमानाचे काय करावे?

२२ ते २८ अंश सेल्सिअस हा या प्रजातींसाठी आरामाचा पट्टा आहे, आणि मुंबई, कोकण, गोवा येथे तो बऱ्याच अंशी आपोआप मिळतो. पुण्या-नाशकाच्या थंडीत रात्री खोली गार पडली तर कोळी मंदावतो, खाणे कमी करतो; डबा बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत ठेवल्यास बहुधा भागते. वरून सोडलेला दिव्याचा प्रखर प्रकाश त्याला वाळवतो, म्हणून वापरू नये.

विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना हा मात्र खरा शत्रू आहे. खोलीचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की डबा घरातल्या सर्वांत खालच्या, अंधाऱ्या जागी, फरशीवर ठेवावा. ओल्या तरटात गुंडाळलेल्या मातीच्या माठाशेजारी डबा ठेवला तर भोवतालची हवा लक्षणीय गार राहते. कूलरचा झोत थेट डब्यावर येऊ देऊ नये, आणि त्या दिवसांत पाणीवाटी सकाळ-संध्याकाळ पाहावी. डबा खिडकीतल्या उन्हात अर्धा तासही ठेवू नये. बंद काचेत तो भट्टीसारखा तापतो. पावसाळ्यात उलट चूक होते. हवा आधीच दमट असताना रोज फवारणी केली जाते आणि डब्यात कोंदट वास येऊ लागतो. झाडावर राहणाऱ्या पिंक टो गटातल्या प्रजाती ओलीपेक्षा या कोंडलेल्या हवेनेच जास्त दगावतात.

नर अचानक खंगला आहे, सतत डब्यात फिरतो आणि खात नाही.

पुढच्या पायांच्या आतील बाजूला छोटे आकडे आणि तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या टोकाला बोंडासारखी फुगीर रचना दिसत असेल, तर तो प्रौढ नर आहे आणि त्याची बहुधा शेवटची कात होऊन गेली आहे. मादी वीस-पंचवीस वर्षे जगू शकते, पण प्रौढ झाल्यावर नराच्या वाट्याला काही महिने ते एखाद-दोन वर्षे येतात. पोट बारीक होणे, भटकणे, हळूहळू थकणे हा त्याचा वार्धक्यक्रम आहे. त्याला उथळ पाणी, लहान भक्ष्य आणि पडणार नाही असा ठेंगणा डबा द्यावा.

याच कारणाने, पावसाळ्याच्या दिवसांत आंबोली, चोर्ला किंवा गोव्याच्या रस्त्यावर सैरभैर फिरणारा टॅरंटुला दिसला तर तो आजारी आहे असे समजून उचलून घरी आणू नये. तो मादी शोधत निघालेला नर असण्याची शक्यता मोठी आहे. भारतीय प्रजातींना उडवता येणारे केस नसतात, पण चावा मात्र जबर असतो. त्यातही झाडावर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया गटाच्या चाव्याने स्नायूंत तीव्र, दिवसांनी परतणारे पेटके येतात.

कोणत्या डॉक्टरांकडे जावे? घरात कोणते औषध ठेवावे?

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बहुधा नाही म्हणतील, आणि तो त्यांचा प्रामाणिकपणा आहे. पक्षी, सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या एक्झॉटिक प्राण्यांच्या डॉक्टरांना कोळी निरोगी असतानाच फोन करून ‘तुम्ही टॅरंटुला पाहता का’ असे विचारून ठेवावे. जाताना दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, शेवटच्या कातीची आणि शेवटच्या खाण्याची तारीख, गेल्या महिन्यात घरात वापरलेली कीटकनाशके आणि शक्य असेल तर जुनी कात सोबत न्यावी. या चार गोष्टींवरून जेवढे कळते तेवढे कोळ्याला हाताळून कळत नाही. माणसांची प्रतिजैविके किंवा जंताच्या गोळ्यांचे पाणी अंदाजाने कधीही देऊ नये. जंतनाशकांतली काही औषधे संधिपाद प्राण्यांना मारण्यासाठीही वापरली जातात.

घरात कॉर्नफ्लोअरची छोटी डबी, मऊ रंगाचा ब्रश, ड्रॉपर, बोथट टोकाचा लांब चिमटा, भिंग, छिद्रे पाडलेला एक रिकामा डबा आणि एक वही असावी. वहीत कात, खाणे आणि पाणी यांच्या तारखा लिहाव्यात. ‘बरेच दिवस खाल्ले नाही’ आणि ‘४३ दिवस खाल्ले नाही, मागच्या वेळी ५१व्या दिवशी कात टाकली होती’ या दोन वाक्यांत घाबरणे आणि जाणणे एवढे अंतर आहे.

टॅरंटुला पाळणे कायदेशीर आहे का? आजारपणात तो प्रश्न येतो का?

येतो, कारण कागदपत्रे नसलेला माणूस डॉक्टरांकडे जायला कचरतो आणि त्यात कोळ्याचा जीव जातो. रेडनी ज्या ब्रॅकिपेल्मा गटात मोडतो तो, तसेच भारत आणि श्रीलंका येथील पोइसिलोथेरिया गट, हे ‘साइट्स’ या, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. पोइसिलोथेरियाचा समावेश २०१९ मध्ये झाला. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा प्रजातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले, आणि त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर होते. विकत घेण्याआधीच विक्रेत्याकडून कागद मागावेत. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती या रेल्वेगावाचे नाव लाभलेला निळा टॅरंटुला, पोइसिलोथेरिया मेटॅलिका, जंगलात आज अतिसंकटग्रस्त आहे. रानातून पकडून आणलेला कोळी स्वस्तात मिळत असेल तर तो घेऊच नये, आणि त्यात जंतांची शक्यताही जास्त असते.

तो गेला आहे हे खात्रीने कसे कळावे, आणि मग काय करावे?

घाईने ठरवू नये. पाण्याशी ठेवून एक-दोन दिवस वाट पाहावी. मऊ ब्रशने मागच्या पायाला स्पर्श केल्यावर काहीच प्रतिसाद नाही, पाय ढिले पडून हलवाल तसे हलतात, पोट मऊ पडून काळवंडते आहे आणि वास येऊ लागला आहे, तेव्हा तो गेला असे समजावे. त्याआधी उताणा असलेला कोळी कधीही टाकून देऊ नये.

कृमींचा किंवा विषबाधेचा संशय असेल तर माती, झाडाची साल, कृत्रिम रोपे सगळे पिशवीत बंद करून टाकावे, डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावा, आणि शेजारच्या प्रत्येक डब्यातल्या कोळ्याचे तोंड पुढचे काही आठवडे विजेरीने तपासत राहावे. संशय नसेल तर कुंडीत, निंबोळी पेंड किंवा कोणतेही औषध न घातलेल्या मातीत, बोटभर खोल पुरता येतो.